कोरे वस्तीचा आराखडा

त्या वर्षी बेदाण्याच्या हंगामात कवठेमहांकाळच्या पूर्व पट्ट्यात भरदिवसा तीन घरं फुटली. तिन्ही गावाबाहेरची, शेतातल्या वस्तीवरची. द्राक्षं उतरायची, धुवायची, शेडमधल्या जाळ्यांवर पसरायची, म्हणून घरातली सगळी माणसं दुपारभर शेडवर अडकलेली असत आणि घरी उरायचं ते म्हातारं नाहीतर आजारी माणूस. चोरांनी हे बरोबर हेरलं होतं. तिसऱ्या घरात त्यांनी ऐंशी वर्षांच्या आजोबांना खाटेला बांधलं होतं. आजोबा वाचले, पण त्यानंतर दारावर कुणी नुसती थाप मारली तरी ते आतल्या खोलीत जाऊन कडी लावत.

महानंदा कोरेला ही बातमी शेडवरच कळली. हातातला घड तसाच जाळीवर टाकून ती घराकडे निघाली. तो पाऊण किलोमीटर ती चालली की पळाली, हे नंतर तिला सांगता येईना. घरी व्हरांड्यात तिचा नवरा गुरुलिंग चाकाच्या खुर्चीत बसून मोबाईलवर कुस्ती बघत होता. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यानं त्याची उजवी बाजू गेली होती. बोलणं परत आलं होतं, पण सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं.

"धापा... का टाकतीस?" त्यानं विचारलं.

"काही नाही. तहान लागली."

ती दोन तांबे पाणी प्यायली आणि त्याच संध्याकाळी तिनं बंगळुरूला लेकीला फोन लावला. श्रुतिका जणू त्या फोनचीच वाट बघत होती.

"आई, मी दिवाळीपासून सांगतेय, पायरव बसवून घे. आणि बसवायचंच तर पूर्ण बसव. तिन्ही पायऱ्या."

पायरव हे त्या यंत्राला लोकांनी दिलेलं नाव. त्याची गोष्ट तशी साधी होती. भूकंपाचे हादरे मोजण्यासाठी शास्त्रज्ञ जमिनीत मैलोनमैल काचेचे धागे पुरत. केसाहून थोडा जाड असा धागा, आणि त्यातून सेकंदाला हजारो वेळा धावणारी प्रकाशाची ठिणगी. जमीन कणभर हलली तरी धागा तेवढाच ताणला जातो आणि परत येणारा प्रकाश किंचित बदलतो. अशाच एका प्रयोगशाळेत कुणाच्या तरी लक्षात आलं, की दुपारी चारला चहा घेऊन येणारा शिपाई आलेखावर दिसतो. इतकंच नाही, तो रजेवर असला आणि दुसरा आला तर तेही दिसतं. प्रत्येक माणसाची टाच टेकण्याची, भार टाकण्याची, पाऊल उचलण्याची लय वेगळी असते. आवाज बदलता येतो, चेहरा झाकता येतो. चाल मात्र चार पावलांच्या वर कुणाला चोरता येत नाही. अंगणात वीतभर खोल धागा पुरला, की कोण आलं ते घराला कळू लागतं.

ओळखणं एवढंच त्याचं काम असतं, तर कुणाची काही तक्रार नव्हती. पण त्याला जोडून आला तोलझोत. माणसाच्या कानात आत, खोलवर, द्रवानं भरलेल्या तीन इवल्याशा वळलेल्या नळ्या असतात. डोकं हललं की द्रव हलतो आणि मेंदूला कळतं, आपण उभे आहोत की कलतोय. छपराच्या दोन कोपऱ्यांतून निघणारे, कानाला ऐकू न येणारे दोन ध्वनी अंगणभर एकमेकांत मिसळले, की त्यांच्या एकत्र थरथरीनं हा द्रव ढवळला जातो. मेंदूला वाटतं, जमीनच फिरतेय. उभा माणूस कोसळतो, त्याला उलट्या होतात, पाच-दहा मिनिटं उठता येत नाही. भिंतीच्या आत झोत पोहोचत नाही, कानाला कायमची इजा होत नाही. पण कोसळणारा माणूस कशावर कोसळेल, हे कुठलंच यंत्र ठरवू शकत नाही.

म्हणून कायदा कडक होता. पहिली पायरी उजेडाची आणि आवाजाची, ती कुणालाही मिळे. दुसरी पायरी म्हणजे सहा सेकंदांचा झोत. तो परवान्याशिवाय नाही आणि हातानं दाबल्याशिवाय नाही. तिसरी, न थांबणारी, घरांना बंदच होती.

"तिसरी उघडून देणारा एक माणूस आहे माझ्या ओळखीत," श्रुतिका म्हणाली. "यंत्र स्वतःच ठरवतं. तुला बटणसुद्धा दाबायला नको."

"मग मी घरात कशाला?" महानंदानं विचारलं.

पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या गृहसुरक्षा कक्षातून रेश्मा मुजावर आली. चाळिशीची, चपळ, खांद्याला भलीमोठी पिशवी. आल्या आल्या तिनं यंत्राचं नावही काढलं नाही. घराला दोन फेऱ्या मारल्या, दारं हलवून बघितली, मागच्या दाराची कडी बोटानं उचकटून दाखवली आणि हसून म्हणाली, "काकू, तुमची अर्धी सुरक्षा सुताराकडे आहे. आधी त्याला बोलवा."

मग ती गुरुलिंगच्या शेजारी बसली आणि कोरा आराखडा काढला.

"यंत्र शेवटच्या पानावर आहे. त्याआधी मला सांगा, चोर आला तर तुम्ही दोघं कुठं जाणार?"

महानंदानं घराकडे नव्यानं बघितलं. धान्याच्या खोलीला लोखंडी दार होतं, खिडकी उंचावर होती. खुर्ची आत जाईल का? मुजावरनं टेप काढून उंबरा मोजला. उंबरा फोडून उतार करायचं ठरलं. आत दोन माणसांची जागा, पाणी, गुरुलिंगच्या गोळ्या, यंत्राचा पडदा आणि बाहेरच्या कर्ण्याला जोडलेला माइक. व्हरांड्यातून खोलीत जाऊन कडी लावायला महानंदाला पहिल्यांदा चार मिनिटं लागली. मुजावरनं घड्याळ लावून तिच्याकडून ते सातदा करून घेतलं. सातव्या वेळी एक मिनिट दहा सेकंद.

"मी... पोत्यासारखा... ढकलला गेलो," गुरुलिंग म्हणाला. पण तो खुशीत होता. कितीतरी दिवसांनी घरात त्याच्याभोवती काहीतरी घडत होतं.

"आता हे लिहा," मुजावर म्हणाली. "काय करणार नाही. चोर पळत असेल तर झोत दाबणार नाही. वस्तू वाचवायला बाहेर येणार नाही. पोलीस आवाज देईपर्यंत कडी काढणार नाही." लिहून झाल्यावर तिनं कागद एकदा वाचून बघितला. "काकू, हे मी कागदावरून शिकले नाही. सुरुवातीच्या काळात एका घरी गेले होते. मालकानं तिसरी पायरी चोरून उघडून घेतली होती. मागच्या दारानं त्याचा सख्खा भाचा आला, सुट्टीला, न कळवता. पडला तो धुण्याच्या दगडावर. यंत्रानं चूक केली नव्हती, त्या पोराची चाल यादीत नव्हती इतकंच. त्या माणसाचा चेहरा मी अजून विसरले नाही."

श्रुतिकाच्या ओळखीच्या माणसाचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

यादीचं पान मात्र महानंदाला वाटलं होतं त्याहून अवघड निघालं. ज्यांना घर ओळखणार त्या प्रत्येकानं अंगणात येऊन तीस-तीस पावलं चालायची. अनवाणी, चपला घालून आणि ओझं घेऊन. ही बातमी शेडवर पोहोचली आणि यादीचं लग्नपत्रिकेसारखं होऊन बसलं. शेडवरच्या बायका नटून चालायला आल्या. भावकीतल्या एकाला बोलावणं गेलं नाही, तर त्यानं पारावर बसून ऐकवलं, "आम्ही आता चोर झालो म्हणायचं." कुणाकुणाला लिहू, असं महानंदानं विचारलं तेव्हा मुजावर म्हणाली, "मान-पान सोडा. तुम्ही घरी नसताना कोण आत आलेलं कळलं तर तुम्हाला बरं वाटेल? तेवढीच लिहा."

अकरा नावं झाली. बारावं नाव कायद्यानंच मागितलं होतं. सगळ्यात जवळच्या घरातला साक्षी. त्याची सही नसेल तर परवाना नाही.

सगळ्यात जवळचं घर दोनशे पावलांवर होतं. तिथं महानंदाची थोरली जाऊ सुवर्णाक्का एकटी राहत होती आणि त्या दोघी नऊ वर्षं बोलत नव्हत्या.

कारण आठवायला गेलं तर लाज वाटावी असं होतं. श्रुतिकाच्या लग्नात पहिली हळद लावायचा मान थोरल्या काकूचा. सुवर्णाक्का आतून वाटी आणायला गेली, तेवढ्या घाईत कुणीतरी मावशीला पुढं केलं आणि महानंदानं तिला थांबवलं नाही. सुवर्णाक्का वाटी खाली ठेवून घरी गेली. नंतर तिचा नवरा वारला, तेव्हा महानंदा तेरा दिवस तिच्या स्वयंपाकघरात राबली, पण दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. दुखवटा संपला आणि पुन्हा दोनशे पावलांचं अंतर पडलं.

महानंदा अकरा पानी फॉर्म घेऊन तिच्या दारात उभी राहिली. सुवर्णाक्का सुपात ज्वारी निवडत होती.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे? चष्मा नाही डोळ्यावर."

चष्मा तिच्या डोळ्यावरच होता. महानंदानं फॉर्म पुढं केला. "सही पाहिजे होती, अक्का. यंत्रासाठी. तुमच्याशिवाय होत नाही."

सुवर्णाक्कानं फॉर्म घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. पाच पानं झाल्यावर वर न बघताच म्हणाली, "बस की. उभी राहून काय पैज लावलीस?"

महानंदा बसली.

"साक्षीनं इशारा मिळताच भोंगा वाजवावा, इतर वस्त्यांना फोन करावेत, स्वतःच्या फाटकाबाहेर येऊ नये," सुवर्णाक्कानं मोठ्यानं वाचलं. "म्हणजे मी माझ्या दारात उभं राहून नुसतं बोंबलायचं?"

"होय."

"जमेल. तुझ्या लेकीच्या लग्नात बोंबलायचं राहून गेलं होतं."

तिनं सही केली आणि पुन्हा सूप हातात घेतलं. कागद घेऊन महानंदा घरी आली.

दुसऱ्या दिवशी सुवर्णाक्का चालायला आली. यंत्रानं तिची चाल एकदा नाही, तीनदा मागितली. ओळख पक्की होईना. डाव्या पायाची पावलं एकसारखी पडत नव्हती. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं महानंदानं ऐकलं होतं, पण ते इतकं जड गेलंय हे तिला माहीत नव्हतं. दोनशे पावलांवरून ते दिसत नाही. तिसऱ्या फेरीला सुवर्णाक्का घामाघूम झाली, तेव्हा महानंदानं न विचारता तिच्या हातातली ओझ्याची बादली काढून घेतली.

"ओझं घेऊन चालायचं असं लिहिलंय," सुवर्णाक्का म्हणाली.

"दोनदा चाललात. पुरे झालं."

शेवटचा धडा झोताचा. ज्याच्या हाती बटण, त्यानं आणि साक्षीनं तो स्वतःच्या अंगावर एकदा घ्यायचाच, असा नियम होता. मुजावरनं अंगणात गाद्या पसरल्या. महानंदा उभी राहिली. एक, दोन, आणि आभाळ तिच्या पायाखाली आलं. ती गादीवर पडली तेव्हा आपण पडलोय हेही तिला समजलं नाही. पोटातलं सगळं वर आलं. सहा सेकंद, पण कुणी तिला सहा मिनिटं म्हणालं असतं तरी तिनं मानलं असतं.

"हे तुम्ही दुसऱ्याला देणार आहात," मुजावर तिचं कपाळ पुसत म्हणाली. "लक्षात राहू द्या. आणि हेही ध्यानात ठेवा, चुकून आपलं माणूस झोतात सापडलं तर त्याला खाली बसायला सांगायचं. बसलेल्याला मळमळतं, पण पडायची भीती नाही."

गुडघ्यामुळे सुवर्णाक्कानं झोत बसूनच घेतला. डोळे गच्च मिटून ती पुटपुटली, "अय्यो शिवने!"

गादीवर आडवी पडलेली महानंदा त्या अवस्थेतही हसली. सुवर्णाक्काचं माहेर अथणीचं, तिचं स्वतःचं तिकोट्याचं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं चुलीपुढं दोघी कानडीत बोलत आणि सासू दाराआडून विचारायची, माझंच नाव घेताय ना? ती कानडी नऊ वर्षांत महानंदाच्या तोंडून निघाली नव्हती. बोलायला कुणी नव्हतं.

परवाना आला. फेब्रुवारी संपत आला होता, द्राक्षाला चांगली गोडी होती. महानंदा रोज दुपारी अडीचला गुरुलिंगच्या गोळ्यांसाठी घरी यायची आणि साडेतीनला परत जायची.

त्या दिवशी तीन वाजून सहा मिनिटांनी यंत्र बोललं. "अंगणात दोन अनोळखी. पूर्वेकडून. एकाच्या हातात जड वस्तू."

महानंदाच्या हातात गोळीचं पाकीट होतं. ते तिनं गुरुलिंगच्या मांडीवर टाकलं, खुर्ची फिरवली, उतारावरून आत घेतली, दार ओढलं, कडी, दुसरी कडी. पडद्यावर अंगणाचा आराखडा उमटला होता आणि त्यात दोन लाल ठिपके स्वयंपाकघराच्या दाराकडे सरकत होते.

तिनं पहिली पायरी दाबली. छपरावरचे दिवे भर उन्हात डोळे दिपवत लखलखले, कर्ण्यातून आवाज गेला, "तुमची चाल नोंदली गेलीय, पोलिसांना कळवलंय, निघून जा." आणि दूर सुवर्णाक्काच्या घरचा भोंगा घुमू लागला.

ठिपके थांबले. पण माघारी वळले नाहीत. मग दारावर पहारीचा पहिला घाव बसला. या दोघांनी हा उजेड आणि हा आवाज आणखी कुठं तरी अनुभवला होता, आणि पुढं काही होत नाही हेही त्यांना ठाऊक होतं.

"सुतारानं... दार... चांगलं केलंय," गुरुलिंग म्हणाला. त्याचा डावा हात तिच्या मनगटावर होता.

दुसरा घाव. तिसरा. दार तग धरून होतं आणि घाव पडतच राहिले. महानंदानं दुसऱ्या पायरीच्या बटणावरचं झाकण उचललं. आराखड्यात लिहिलं होतं, दार फोडू लागले तरच. ते फोडत होते. तिनं बोट ठेवलं.

"सुवर्णा कोरे," यंत्र म्हणालं. "अंगणात. धावत."

पडद्यावर फाटकातून एक हिरवा ठिपका आत आला होता. डावीकडे झोल जाणारी, एकसारखी न पडणारी ती पावलं. महानंदाचं बोट बटणावरच गोठलं. एक लाल ठिपका दारापासून सुटला आणि हिरव्याकडे वळला.

"अगं... वहिनी!" गुरुलिंग ओरडला.

आता दाबलं तर ती धावताधावता कोसळेल. त्या गुडघ्यावर, हौदाच्या दगडी कट्ट्यापाशी. नाही दाबलं तर पहार घेतलेला माणूस तिच्यापर्यंत पोहोचतोय. महानंदानं माइक ओढला. 'बसा' म्हणाली असती तर त्या दोघांनाही समजलं असतं. पण तिनं हा विचार केलाच नाही. चुलीपुढची भाषाच तिच्या तोंडात आली.

"अक्का, कुंदर्री! नेलदाग कुंदर्री!"

कर्ण्यातून ते सगळ्या शिवारात गेलं. जमिनीवर बसा. लाल ठिपका क्षणभर गोंधळून थबकला. हिरवा ठिपका जिथं होता तिथंच मटकन स्थिर झाला. महानंदानं बटण दाबलं.

सहा सेकंद. तिनं ते मोजले. बाहेर पहार फरशीवर पडल्याचा आवाज झाला, मग काहीतरी जड पडलं, मग ओकारीचे आवाज.

"अक्का?" ती माइकमध्ये म्हणाली.

उत्तर नाही.

"अक्का, बोला की!"

"मेले नाही," बाहेरून बारीक आवाज आला. "हौदाला टेकून बसलेय. जग फिरतंय. ही दोघं ओकतायत. एकाचं मनगट दुखावलंय बहुतेक."

महानंदा दाराकडे धावली आणि कडीला हात लावताच थांबली. पोलीस आवाज देईपर्यंत नाही. तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. बाहेरची दोघं उठू शकत नसतील, पण ते पाच मिनिटांत उठू शकले तर? कडी काढली तर गुरुलिंग उघड्यावर. तिनं हात मागं घेतला आणि पुन्हा माइकपाशी आली.

"मला बाहेर येता येत नाही, अक्का."

"येऊ नकोस. मी आले तेवढं बास झालं."

"तुम्ही का आलात? फाटकाबाहेर यायचं नाही असं लिहिलं होतं. तुम्हीच मोठ्यानं वाचलं होतं."

"दारावर घाव घातलेले ऐकू येत होते तिथपर्यंत," सुवर्णाक्का म्हणाली. "आत गुरू आहे, तू आहेस. बोंबलत कशी उभी राहू?"

महानंदाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माइक तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

"अक्का, त्या दिवशी हळदीला मी मावशीला थांबवायला पाहिजे होतं. मला दिसलं होतं. तुम्ही वाटी आणायला गेलाय हे मला ठाऊक होतं. थांबवलं नाही. का, ते मला आजसुद्धा सांगता येत नाही. लोक बघत होते, मला लाज वाटली वाटतं."

कर्णा मोठा होता. पलीकडच्या बंडगर वस्तीवरून विलास आणि शेडवरून दहा-बारा बाया-माणसं काठ्या घेऊन पळत येत होती, ती फाटकापाशी येऊन थबकली. चोर जमिनीला धरून पडले होते. शेडवरच्या एका बाईनं शेजारणीला ढोसून विचारलं, "कुठली हळद गं?"

"गप, ऐकू दे," शेजारीण म्हणाली.

"मीही वाटी घेऊन परत यायला पाहिजे होतं," सुवर्णाक्का हौदापाशी बसल्या बसल्या म्हणाली. "लावली असती दुसऱ्यांदा. पोरीला काय फरक पडणार होता? वाटी आपटून गेले मी. आणि मग रोज वाटायचं, ही येईल. तू आलीस ते फॉर्म घेऊन."

"फॉर्म नसता तरी..." महानंदा बोलायला गेली आणि थांबली. खोटं बोलावंसं वाटेना. "नसता तर आले नसते, अक्का."

सुवर्णाक्का हसली आणि हसता हसता तिला उमासा आला. "बरं झालं मग, चोर फिरताहेत ते."

फाटकापाशी जमलेली माणसं हसली. विलास बंडगरनं मात्र काठी आडवी धरून सगळ्यांना लांबच थांबवलं होतं. आराखड्याची एक प्रत त्यालाही मिळाली होती. पोलीस आले तेव्हा चोरांना हात लावलेलं कुणी नव्हतं. हवालदारानं दाराशी येऊन नाव सांगितलं, तेव्हाच महानंदानं कडी काढली. बाहेर येऊन ती थेट हौदाकडे गेली आणि सुवर्णाक्काच्या शेजारी मातीत बसली. थोड्या वेळानं हवालदाराच्या हाती तिनं त्या मनगट दुखावलेल्या माणसासाठी पाण्याचा तांब्या दिला. झोतानंतर घसा कसा कोरडा पडतो, ते तिला माहीत होतं.

श्रुतिकाचा फोन आला, तेव्हा आधी रडणं झालं, मग ती म्हणाली, "तिसरी पायरी असती तर दाराला हातसुद्धा लागला नसता."

"तुझी मोठी आई धावत अंगणात आली होती," महानंदा म्हणाली. "थांबलं असतं का ते यंत्र तिच्यासाठी?"

"नाही," श्रुतिका म्हणाली.

चार दिवसांनी मुजावर चौकशीला आली. झोत वापरला की त्याचा अहवाल लागतोच, आणि यंत्रानं नोंदवलेला सगळा आवाज ऐकावाच लागतो. कानाला हेडफोन लावून ती व्हरांड्यात पाऊण तास बसली. मध्येच तिनं चष्मा काढून पुसला. समोर बसलेल्या दोघी जावा एकमेकींकडे बघायचं टाळत होत्या.

"वापर योग्य होता," अखेर ती म्हणाली. "सगळं नियमाप्रमाणं झालं. फक्त एक सोडून." ती सुवर्णाक्काकडे वळली. "मावशी, तुम्ही फाटक ओलांडलंत. काकूंना तुम्हाला हाक घालायला पाव सेकंद उशीर झाला असता, तर काय झालं असतं?"

"पडले असते," सुवर्णाक्का म्हणाली. "कळतं मला."

"मग मला तुमचं नाव साक्षीदारातून काढावं लागेल. जो धावत आत येतो, तो बाहेरचा साक्षी होऊ शकत नाही. रागावू नका."

"राग कसला? बरोबर आहे तुमचं. पुन्हा तसं झालं तर मी पुन्हा येणार. मला थांबता येत नाही." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "बंडगराचा विलास थांबला की नाही? त्याला करा."

"करते. त्यानंतरचं जवळचं घर त्याचंच. साडेतीनशे पावलं आहेत, चालेल." मुजावरनं नाव खोडलं, विलासचं लिहिलं. मग पेन तसंच धरून ठेवलं. "आणि मावशी, हंगामात दुपारी तुम्हीही घरी एकट्याच असता ना? तुमच्या घराचं दार मी येताना बघितलं. एका लाथेचं आहे."

गुरुलिंग खुर्चीत सावरून बसला.

"आत... लिही," तो म्हणाला.

"काय, काका?"

"वहिनीचं नाव... आतल्या माणसांत लिही."

मुजावरनं महानंदाकडे बघितलं. महानंदा उठून उभी राहिली होती.

"दुपारच्या जेवणालाच यायचं इकडं," ती सुवर्णाक्काला म्हणाली. "शेडवरून मी येईपर्यंत यांच्यापाशी बसायचं. कुस्तीत तुम्हाला काही कळत नाही, पण यांना कुणाला तरी समजावून सांगायचं असतंच."

"आणि गुरू सांगेल ते मी गप्प ऐकून घ्यायचं?"

"नाही ऐकलं तरी चालेल."

"लिहा मग," सुवर्णाक्का मुजावरला म्हणाली आणि चष्मा सारखा करून पान नीट वाचायला पुढं वाकली. "पण इथं त्या खोलीत दोघांचीच जागा लिहिलीय की."

"तीन माणसं आणि चाकाची खुर्ची बसत असेल तरच मंजूर होईल. मोजून घेऊ."

टेप घेऊन तिघी धान्याच्या खोलीत गेल्या. हरभऱ्याची मोठी पत्र्याची कणगी अर्धी भिंत अडवून उभी होती. ती हलली तर जागा होत होती. मुजावर मदतीला सरसावली, पण दोघींनी तिला बाजूला व्हायला सांगितलं. महानंदानं खालून धरलं, सुवर्णाक्कानं गुडघा सांभाळत वरून, आणि कानडीत एकमेकींना इकडे की तिकडे विचारत, भांडत, कणगी त्यांनी इंचाइंचानं दाराबाहेर काढली.